शिकवायचा खर्च कोणी उचलायचा?

आमच्या एका गटाच्या शिवण युनिटमध्ये सहा महिने शिकलेली मुलगी शहरात निघून गेली. ताई म्हणाल्या, "फुकट शिकवलं, वर कापड वाया गेलं." मुलगी म्हणाली, "सहा महिने मीही फुकटच राबले." दोघींचंही खरं होतं. आणि हे भांडण जुनंच आहे.

बलुतेदारीत लोहाराचा पोर आधी भाता ओढायचा, मग घण धरायचा. शिकवायचा खर्च तेव्हाही होता, पण तो घरच्या भाकरीतच मिसळून जायचा. तो फिटायचाही, कारण पोरगा पुढं तोच धंदा चालवायचा. लेक मात्र सासरी जाणार. म्हणून कुंभाराघरी बाईनं माती मळायची आणि चाकावर पुरुषानं बसायचं. "ती निघून जाईल" या एका भीतीनं किती हात अर्धवट शिकले!

1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथं विधवा आणि गरजू बायका शिवणकाम, रुग्णसेवा शिकल्या. त्या शिक्षणाचा भार समाजाच्या देणग्यांनी उचलला.

पुढं 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. लेखी करार आणि दरमहा विद्यावेतन, म्हणजे शिकणाऱ्याच्या श्रमालाही मोल आलं. पण फायदा मुख्यतः मोठ्या कारखान्यांना झाला. 2016 पासून केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, जास्तीत जास्त 1500 रुपये, वाटा सरकार देऊ लागलं. 2019 च्या नियमांनी 4 ते 29 माणसांच्या लहान उद्योगालाही स्वेच्छेनं शिकाऊ घेता येतो. आपलं युनिट त्यात बसतं का, हे जवळच्या आयटीआयमध्ये विचारा.

आता आपला हिशोब करू. समजा, ताई दिवसाला 4 ब्लाऊज शिवते आणि शिकवताना 3 च होतात. शिलाई 150 रुपये धरली, तर 25 दिवसांत 3750 रुपये बुडाले. पण मुलगी काज-बटण, तुरपाई करू लागली की ताईचा चौथा ब्लाऊज परत येतो. लग्नसराईत पाचवाही होतो.

तेव्हा शिकवणी सुरू होण्याआधीच गटाच्या बैठकीत ठराव लिहा: किती महिने शिकवायचं, मुलीला दरमहा किती द्यायचं, वाया गेलेलं कापड कोणाच्या खात्यावर. नंतर ती गेली तरी भांडण होणार नाही. आणि जाईल म्हणून शिकवायचंच नाही, हे तर आपल्या आज्यांच्या वाट्याला आलं होतं. ते आपण आपल्या लेकींना देऊ नये.