नेपल्सला जायचं तर...

नेपल्सला शनिवार-रविवार असं दोनच दिवस जायचं म्हटलं, की विमानाच्या तिकिटाआधी दुसरेच प्रश्न उभे राहतात. पाँपेई बघायचं की हर्क्युलेनियम? आणि व्हेसुवियसवर चढायचं की त्याला खालूनच नमस्कार करायचा? आमच्या घरात ह्यावर चार माणसं आणि चार मतं. नवऱ्याला ज्वालामुखीच्या काठावर उभं राहून आत डोकवायचंय. नववीतल्या लेकीला 'ती दगड झालेली माणसं' बघायचीत. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी इथे म्युनिकला आलेल्या सासूबाईंचं म्हणणं, जे काय दाखवायचं ते सपाटीवर दाखवा, माझे गुडघे चढाला तयार नाहीत. आणि मला संग्रहालय.

(तसं बघायला गेलं तर सासूबाईंना ज्वालामुखीचं अप्रूप असायचं काही कारण नाही. आपला सगळा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अजिंक्यतारा रोज खिडकीतून बघणाऱ्या बाईला व्हेसुवियस म्हणजे कालचं पोर!)

तर प्लॅन करायचा म्हणून थोडं वाचायला घेतलं, आणि नेहमीप्रमाणे प्लॅन बाजूलाच राहिला. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. ह्या राखेखालच्या गावांमधून आपल्याला ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या बहुतेक सगळ्या कुटुंबांच्या असतात. आई आणि मूल, दोघी बहिणी, नवरा-बायको. त्यातल्या खऱ्या किती आणि आपण नातं लावून दिलेल्या किती, हे बघायला लागलं की फार विचित्र वाटतं.

खऱ्यापासून सुरुवात करू. इ. स. ७९ मध्ये व्हेसुवियसचा उद्रेक झाला, तेव्हा उपसागराच्या पलीकडच्या टोकाला मिसेनम ह्या आरमारी तळावर एक घर होतं. घरात तीन माणसं. रोमन आरमाराचा प्रमुख थोरला प्लिनी, त्याची विधवा बहीण आणि तिचा सतरा वर्षांचा मुलगा, म्हणजे धाकटा प्लिनी. इंग्रजी पुस्तकांत थोरल्याला 'अंकल' म्हणतात आणि मग कोणत्या बाजूचा ते समजावत बसतात. आपल्याकडे एका शब्दात काम होतं. मामा.

डोंगरावरचा तो विचित्र ढग पहिल्यांदा दिसला तो आईला. तिने भावाला दाखवला. मामा हाडाचा अभ्यासू. जवळून बघायला निघाला आणि भाच्याला विचारलं, येतोस का? भाचा म्हणाला, मला अभ्यास आहे. (हे ऐकून आमच्या घरात एका व्यक्तीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिला शाळेत लॅटिन आहे, त्यामुळे प्लिनी ह्या नावाबद्दल आधीच फारसं प्रेम नाही.) निघता निघता किनाऱ्यावर अडकलेल्या लोकांचा निरोप आला आणि बघायला निघालेला मामा वाचवायला म्हणून मोठी जहाजं घेऊन गेला. परत आला नाही. पलीकडच्या स्टाबिए गावाच्या किनाऱ्यावर त्याचा अंत झाला.

दुसऱ्या दिवशी मिसेनममध्येही जमीन इतकी हादरायला लागली की मायलेक घर सोडून बाहेर पडले. वाटेत आई म्हणाली, तू तरुण आहेस, पळ. मी म्हातारी, जड अंगाची, माझ्यापायी तू मेला नाहीस एवढं झालं तरी मला सुखाने मरण येईल. मुलाने ऐकलं नाही. तिचा हात धरला आणि तिला भरभर चालायला लावलं. मग अंधार झाला. दिवा मालवलेल्या बंद खोलीत असतो तसा. त्या अंधारात लोक आपापल्या आईबापांना, पोरांना, जोडीदारांना हाका मारत होते आणि आवाजावरून ओळखत होते.

हे सगळं त्या मुलानेच पुढे पंचवीसेक वर्षांनी इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांत सांगून ठेवलं आहे. उद्रेकाचं डोळ्यांनी पाहिलेलं, आजवर टिकलेलं वर्णन हे एवढंच. गंमत म्हणजे पाँपेईचं काय झालं ह्याबद्दल त्यात अक्षर नाही. त्याची काळजी घरच्या माणसांची.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "अगं, मग त्या आईचं काय झालं?"

वाचली. दोघंही वाचले. पुढे मामाच्या मृत्युपत्राप्रमाणे भाचा त्याचा दत्तक मुलगा झाला. हा दत्तकाचा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लेकीची दगड झालेली माणसं. ती दगडाची नाहीत, प्लास्टरची आहेत. माणसं राखेत गाडली गेली, राख घट्ट झाली, आतलं शरीर कुजून गेलं आणि त्या आकाराची पोकळी शिल्लक राहिली. १८६३ मध्ये जुझेप्पे फियोरेल्ली ह्या उत्खननप्रमुखाने अशा पोकळ्यांमध्ये पातळ प्लास्टर ओतलं. ते घट्ट झाल्यावर भोवतालची राख काढली, तर मरतानाचा माणूस हातात आला. कपड्याच्या चुण्यांसकट. हाडं आतच राहिली.

ह्यातले चार ठसे १९७४ मध्ये एका घराच्या जिन्याखाली सापडले. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं. त्यातल्या एका मोठ्या माणसाच्या अंगावर सोन्याचं कडं होतं आणि एक मूल त्याच माणसाच्या मांडीवर. सोन्याचं कडं आणि मांडीवर मूल, म्हणजे आई. दुसरा तो बाप. झालं कुटुंब! पन्नास वर्षं पुस्तकांत हेच छापलं गेलं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये संशोधकांनी ह्या ठशांमध्ये अडकलेल्या हाडांच्या डीएनएचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कडंवाली आई हा पुरुष निघाला. आणि मांडीवरच्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नाही. दुसऱ्या एका घरात एकमेकांना मिठी मारलेले दोघे आहेत. ते आई-मुलगी किंवा बहिणी असावेत असं म्हणत. त्यातलाही निदान एक पुरुष आहे.

हे वाचून मी जरा वेळ तशीच बसून राहिले. कारण 'आई आणि मूल' ही गोष्ट लेकीला सांगून मी मोकळी झाले असते. कोणीही झालं असतं. समोर मांडीवर मूल दिसलं की आपण आई शोधतो.

मला संग्रहालय का हवंय, त्याचंही उत्तर ह्याच जातीचं आहे. नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात सुमारे पाव मीटर उंचीची एक हस्तिदंती मूर्ती आहे. भरपूर दागिने ल्यालेली बाई आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. ती १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात सापडली. बनावट उघडउघड भारतीय. तिचं नाव पडलं 'पाँपेईची लक्ष्मी'. पण ती लक्ष्मी असेलच असं नाही. पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. तिच्या डोक्यातून आरपार भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या टेबलाचा पाय असावी. म्हणजे इथेही नाव आपणच दिलं, नातं आपणच लावलं.

पण हे नातं अगदीच हवेतलं नाही, बरं का. तिच्याशी साधर्म्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे सापडल्या आहेत. एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठण आणि तगर दोन्हींची नावं आहेत. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि गाड्या भरभरून माल खाली भडोच बंदरात. मधुकर केशव ढवळीकरांनी ह्या मूर्तीचं गोत्र भोकरदनकडे नेलं. उलट तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि ही लिपी वायव्येकडची, म्हणून काही जण तिला तिकडची मानतात. वाद मिटलेला नाही. सासूबाई मात्र मूर्तीचा फोटो बघून लगेच म्हणाल्या, "ही आपलीच."

आणि योगायोग बघा. भारताच्या मालापायी रोमचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स तिकडे जातात आणि तो माल इथे शंभर पटीने विकला जातो, अशी कुरकूर लिहून ठेवणारा लेखक कोण? थोरला प्लिनी! त्याच उधळपट्टीतला एक नग पाँपेईच्या कुणाच्या तरी घरात होता आणि तो नग आणि तक्रार करणारा दोघंही एकाच डोंगराने संपवले.

आता डोंगराबद्दल. व्हेसुवियसची उंची १२८१ मीटर. शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मधला, युद्ध चालू असताना. त्याआधीचा भयंकर म्हणजे डिसेंबर १६३१ चा, ज्यात हजारो माणसं गेली. त्यानंतर तिथल्या स्पॅनिश व्हाइसरॉयने पायथ्याच्या पोर्तिची गावात रस्त्यावर एक शिलालेख बसवला. तो चक्क वंशजांना उद्देशून आहे. सारांश असा की बाबांनो, हे तुमच्याबद्दल आहे. हा डोंगर पुन्हा पेटेल. आधी खुणा दाखवेल. तेव्हा सामानसुमानात जीव अडकवू नका, पळा. शिलालेख अजून आहे. आणि वंशजांनी काय केलं? १७३८ मध्ये त्याच पोर्तिचीत राजाने राजवाडा बांधायला घेतला.

हसू नये. माती सुपीक, समुद्र जवळ, नेपल्स हाकेच्या अंतरावर, आणि बापजाद्यांची घरं. आजही सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात पंचवीस नगरपालिका आणि जवळजवळ सात लाख माणसं राहतात. सरकारी योजना म्हणते, धोक्याचा इशारा मिळाल्यावर बहात्तर तासांत सगळ्यांना हलवायचं. प्रत्येक गावाची जोडी इटलीतल्या एकेका प्रांताशी लावून ठेवली आहे. तुमचं गाव उठलं तर तुम्ही अमुक प्रांताचे पाहुणे. इथेही नातं आधीच लावून ठेवलंय, फक्त ह्या वेळी जरा विचार करून.

बरं, नेपल्सच्या पश्चिमेलाही काम्पी फ्लेग्रेई नावाचं दुसरं ज्वालामुखी क्षेत्र आहे. तिथली जमीन २००५ पासून हळूहळू वर येते आहे. मे २०२४ मध्ये तिथे ४.४ क्षमतेचा भूकंप झाला आणि कितीतरी कुटुंबांनी रात्र रस्त्यावर काढली. प्लिनीचं मिसेनम ह्याच क्षेत्राच्या कडेला. म्हणजे मायलेक समोरच्या ज्वालामुखीपासून वाचले ते दुसऱ्या ज्वालामुखीच्या अंगावर उभे राहून.

असो. प्लॅन ठरला तो असा. शनिवारी संग्रहालय, बाईसाहेबांचं दर्शन आणि पिझ्झा. रविवारी पाँपेई नाही, हर्क्युलेनियम. नेपल्सहून लोकल गाडीने वीसेक मिनिटं. पाँपेईचा विस्तार ६६ हेक्टर, फरसबंदी उखडलेली, आणि नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा. हर्क्युलेनियमचा उघडा भाग लहान आहे, गुडघ्यांना झेपेल. नवऱ्याने पहाटे उठून एकट्याने डोंगर चढून यावं.

पण हर्क्युलेनियम म्हणजे सोपं नव्हे. १९८० नंतर तिथल्या जुन्या किनाऱ्यावर, होड्या ठेवायच्या कमानींमध्ये, तीनशेच्या आसपास सांगाडे सापडले. दाटीवाटीने. आत मुख्यतः बायका-मुलं आणि बाहेर वाळूवर बहुतेक पुरुष. समुद्रातून कोणी न्यायला येईल म्हणून थांबलेले. कोण कुणाचं कोण, हे तिथे उभं राहून ठरवता येणार नाही. लेक विचारेल. तिला काय सांगायचं हे मी ठरवून ठेवलंय.

तिला तो मांडीवरच्या मुलाचा ठसा आठवायला सांगणार आहे. तो माणूस त्या मुलाचा रक्ताचा कोणी नव्हता एवढं कळलंय. तो दत्तक बाप असेल, घरचा गुलाम असेल, शेजारी असेल. रोमन घरात हे सगळेच असत, आणि प्लिनीलाही 'बाप' म्हणून मिळाला तो मामाच. नातं काय होतं ते आपण चुकीचं सांगितलं, ते पुसून टाकू. पण राख पडत असताना त्या माणसाजवळ एक मूल होतं, आणि ते त्याने खाली ठेवलं नाही. प्लास्टर त्या पोकळीत ओतलं तेव्हा ते तसंच मिळालं.