दासोपंतांचें बालपण

एकाच घरांत, एकाच देव्हाऱ्यापुढें वाढलेलीं दोन मुलें धर्माकडे निरनिराळ्या दृष्टीनें कां पाहतात, हा प्रश्न आईबापांना नेहमींच पडतो. आपल्या बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाईच्या दासोपंतांचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे.

दासोपंतांचा जन्म इ. स. १५५१ चा. वडील दिगंबरपंत बेदरच्या बरीदशाहींत नारायणपेठचे अंमलदार होते. परंपरा सांगते कीं, वसुलाचा भरणा थकला, तेव्हां दरबारानें त्यांच्या या मुलास ओलीस ठेविलें, आणि मुदतींत पैका न आला तर त्यास मुसलमान करूं, अशी धमकी दिली. मुदत संपतां संपतां दत्ताजी पाडेवार नांवाच्या इसमानें रक्कम भरली. तो साक्षात् दत्तात्रेयच, अशी भाविकांची श्रद्धा आहे. चमत्कार कोणी मानो वा न मानो, माझें लक्ष आहे तें त्या मुलाकडे. दुसरें एखादें मूल यानंतर आईचा पदर सोडतें ना. दासोपंतांनीं घरच सोडलें. माहुरास बारा वर्षें तप केलें, राक्षसभुवनास गोदातीरीं राहिले, आणि अखेर आंबेजोगाईस स्थिरावले. भीतीनें त्यांची श्रद्धा उत्पन्न केली, हें मला पटत नाहीं. भीतीनें पुष्कळ मुलें नुसतीं भित्रीं होतात. जात्याच चिवट अशा स्वभावाला त्या प्रसंगानें दिशा दिली, एवढेंच.

याचा पडताळा गोदावरीपलीकडे, आजच्या जालना जिल्ह्यांतील जांब गांवीं मिळतो. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं रामाची व सूर्याची उपासना. थोरले गंगाधर यांनीं प्रपंच केला, घरची उपासना चालविली, ‘सुगमोपाय’ हा ग्रंथ लिहिला. धाकटा नारायण, जन्म १६०८, बाराव्या वर्षीं लग्नमंडपांतून पळाला आणि पुढें रामदास झाला. देवघर एकच होतें, शिकविणारे आईबापही तेच.

इंग्लंडांत लेस्ली फ्रान्सिस यांनीं १९७८ सालीं शाळकरी मुलांचा ख्रिस्ती धर्माविषयींचा कल मोजण्यासाठीं एक प्रश्नावली सिद्ध केली. त्यांच्या पाहण्यांत असें दिसलें कीं, मूल अबोल कीं बडबडें यावर फारसें अवलंबून नसतें; मनाचा कठोरपणा ज्या मुलांत कमी, त्यांना धर्माविषयीं आपुलकी अधिक. आपल्या घरोघरीं मात्र सांजवेळीं निमूट हात जोडणारें मूल धार्मिक आणि शंका विचारणारें नास्तिक ठरतें. ही घाई मला फार घातक वाटते. या कसोटीस नारायण खास नापास झाला असता!

दासोपंतांच्या चिवटपणाचें पुढें काय झालें, तें आंबेजोगाईस कळतें. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. ‘पंचीकरण’ तर त्यांनीं सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर लिहिलें; ती पासोडी त्यांच्या वंशजांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.