वस्तादाचा अंगठा, चिनी सुई

जांभई देता देता जबडा निखळला आणि तोंड वासलेलंच राहिलं, की वऱ्हाडातला माणूस पूर्वी हाड बसवणाऱ्याकडे नाहीतर आखाड्यातल्या वस्तादाकडे धाव घेई. 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा उभारला त्या अमरावतीत तालमीची हौस मोठी. आणि कुस्ती आली की निखळणं-मुरगळणं आलंच. जबडा बसवायची रीत अशी: अंगठ्यांना फडकं गुंडाळायचं, ते खालच्या दाढांवर टेकवायचे, जबडा आधी खाली दाबायचा, मग मागे सरकवायचा. फडकं विसरलात, तर बसताना मिटणारे दात अंगठा सोडत नाहीत! निखळलेल्या हनुवटीला शेक द्यावा, ती बसवून पट्टी बांधावी, हे सुश्रुतसंहितेतही आहे.

चिनी सुई, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, आली फार उशिरा. 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पण ही विद्या भारतात आणली त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी, 1950च्या दशकाअखेरीस पुन्हा चीनला जाऊन. जबड्याच्या सांध्यासाठी कानापुढे, गालफडाच्या हाडाखाली टोचतात. शिवाय अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात. गुणाचे पुरावे अजून तोकडेच. तरी महाराष्ट्राने 2015 साली अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला.

सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन तोंड उघडेनासं होतं, ते दुखणं मात्र निराळं. त्यात सांधा नव्हे, गालाचं आतलं अस्तर आखडतं. तिथे दंतवैद्यच गाठावा लागतो.