मुलांचा मेंदूज्वर : निदान पाठीच्या पाण्यातून

मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणांना जंतुसंसर्गामुळे सूज येते, त्यास वैद्यकशास्त्रात मेनिन्जायटिस व बोलीभाषेत मेंदूज्वर म्हणतात. ताप, उलट्या, डोकेदुखी, मान ताठणे व झटके ही त्याची लक्षणे होत. तान्ह्या बाळाची मान मात्र ताठेलच असे नाही. दूध न ओढणे, सुस्ती वा टाळू फुगणे एवढेच दिसू शकते.

विषाणूजन्य मेंदूज्वर बहुधा आपोआप बरा होतो. जिवाणूजन्य प्रकारात मात्र काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो किंवा कायमचे बहिरेपण देऊ शकतो. क्षयाचा मेंदूज्वर हळूहळू बळावतो. आरंभीची लक्षणे सारखीच असल्याने पाठीच्या मणक्यांतून काढलेले पाणी, म्हणजेच ‘सीएसएफ’, तपासणे आवश्यक ठरते.

पाणी काय सांगते?

निरोगी मुलाचे हे पाणी नितळ असते. एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी साधारणतः ५ पर्यंत, १०० मिलिलिटरमध्ये प्रथिने १५ ते ४५ मिलिग्रॅम आणि साखर रक्तातील साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश असते. म्हणूनच रक्तातील साखरही त्याच वेळी तपासावी लागते. नवजात बाळात पेशी व प्रथिने अधिक असतात.

जिवाणूजन्य प्रकारात पाणी गढूळ होते, पेशी अनेकदा हजारावर जातात व त्यांत न्यूट्रोफिल अधिक असतात. साखर घटते, प्रथिने वाढतात. विषाणूजन्य प्रकारात बहुधा लिम्फोसाइट पेशी वाढतात, साखर मात्र प्रायः टिकून राहते. लिम्फोसाइट वाढलेल्या, प्रथिने जास्त आणि साखर कमी, असे चित्र क्षयाची शंका निर्माण करते. लॅक्टेट लिटरमागे ३.५ मिलिमोलपेक्षा अधिक असल्यास जिवाणूंचा संशय बळावतो.

एकच आकडा पुरेसा नाही

यांपैकी कोणताही एक आकडा निर्णायक नसतो. अमेरिकेत २००२ मध्ये मांडलेल्या गुणांकन पद्धतीत पाच बाबी एकत्र पाहिल्या जातात : ग्रॅम रंजनात जिवाणू दिसणे, पाण्यातील न्यूट्रोफिल १०००, प्रथिने ८० मिलिग्रॅम व रक्तातील न्यूट्रोफिल १०,००० किंवा त्याहून अधिक असणे आणि झटके येणे. यांपैकी एकही नसल्यास जिवाणूजन्य मेंदूज्वराची शक्यता अत्यल्प असते. मात्र आधीच प्रतिजैविके दिलेल्या मुलांना व नवजात बाळांना ही पद्धत लागू नाही. क्षयासाठी ती बनविलेलीही नाही. क्षयाच्या शंकेत जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ पासून जनुकीय ‘एक्स्पर्ट’ चाचणीची शिफारस केली आहे. परंतु ती नकारात्मक आली तरी क्षय नाही असे म्हणता येत नाही.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

पाठीतून पाणी काढल्यास मूल लुळे पडेल, या भीतीने अनेक पालक नकार देतात. वस्तुतः सुई मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली टोचली जाते आणि काढलेले थोडेसे पाणी शरीर पुन्हा तयार करते. काही दिवस पाठ वा डोके दुखू शकते. मेंदूवरील दाब वाढलेला असल्यास किंवा मूल अत्यवस्थ असल्यास डॉक्टर तपासणी पुढे ढकलतात. प्रतिजैविके मात्र लगेच सुरू करतात.

पहिल्या मात्रेनंतर काही तासांतच पाण्यात जिवाणू वाढेनासे होऊ शकतात. म्हणून मुलाला आधी कोणते औषध, केव्हा दिले, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. अहवालाचा अर्थ त्यावरही अवलंबून असतो.