रोह्याचा गुराखी, टेक्सासचा रुमाल

'काऊबॉय'चं सरळ मराठी म्हणजे गुराखी. पण रोह्याच्या गुराख्याला सिनेमावाले घेत नाहीत आणि टेक्सासच्या गुराख्याला सोडत नाहीत. दोघांचाही धंदा गुरांमागून धूळ खाण्याचाच. फरक काय तो कपड्यांत! आणि गंमत अशी, की त्या कपड्यांची मुळं आपल्याकडचीच.

गळ्यातला तो तांबडा, ठिपक्यांचा 'बंडाना' घ्या. हा शब्द हिंदीतल्या 'बांधनू'चा. कापड चिमटीत धरायचं, दोऱ्यानं घट्ट बांधायचं आणि रंगात बुडवायचं. गाठीखाली रंग पोचत नाही, तिथं ठिपका उमटतो. म्हणजे आपली बांधणीच की! अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीनं असे रेशमी रुमाल बंगालमधून विलायतेला नेले. साहेब ते खुशीनं वापरी, कारण तो तपकीर ओढायचा आणि रंगीत रुमालावर तिचे डाग लपायचे. पुढं एकोणिसाव्या शतकात ग्लासगोच्या कारखान्यांनी एकही गाठ न मारता ठिपके काढायची युक्ती शोधली. रुमाल सुती झाला, स्वस्त झाला आणि १८६५ नंतर टेक्सासहून कॅन्ससकडं गुरं हाकणाऱ्यांच्या नाकावर चढला.

आता विजारीकडं या. 'डंगरी' हे नाव आलं मुंबईच्या डोंगरीवरून. हे जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकातच इंग्रजांना ठाऊक होतं. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली खिशांना रिव्हेट ठोकण्याचं पेटंट घेतलं. त्या विजारींनाही अमेरिकन माणूस पुढं 'डंगरी'च म्हणू लागला.

पेणजवळ धरमतरच्या खाडीवरचा कोळीदादा चौकड्यांचा रुमाल त्रिकोणी दुमडून बांधत आला. काऊबॉयही चौकोनाचा तसाच त्रिकोण करतो. एकाचा कमरेला, दुसऱ्याचा गळ्याला. एकाचं भांडण पाण्याशी, दुसऱ्याचं धुळीशी. पण कोळीदादाच्या नातवाला आजोबांचा रुमाल गावंढळ वाटतो. तोच 'बंडाना' म्हणून काचेच्या कपाटात ठेवा, हप्त्यानं घेऊन जाईल!

त्याला हसण्यात अर्थ नाही. आपण सगळेच त्या नातवाच्या रांगेत. रुमालाचं नाव साता समुद्रापार टिकलं, पण नखांनी त्या बारीक गाठी बांधणाऱ्यांचं नाव कुणाच्या वहीत नाही. पेटंट रिव्हेटला मिळालं. गाठीला कोण देणार? ती तर सोडण्यासाठीच बांधलेली!