ब्रेक ऑइल कमी होणे : कारणांचा शोध

द्रवदाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या गाडीत मास्टर सिलिंडरवरील टाकीची पातळी खाली जाण्याची कारणे दोनच : घर्षणभागांची झीज किंवा गळती. यंत्रणा बंदिस्त असते, त्यामुळे ऑइल उडून जात नाही. प्रत्येक सर्व्हिसिंगला थोडे टाकावेच लागते, ही समजूत गळती झाकून ठेवते.

पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागे वाढलेली जागा टाकीतल्या ऑइलने भरते. ही घट अगदी सावकाश होते. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की पातळी वर येते. मधल्या काळात कोणी टाकी भरून ठेवली असेल, तर ऑइल ओसंडून बॉनेटखालचा रंग खाते. म्हणून आधी पॅड पाहावेत.

पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल, तर टाकी वरच्या खुणेपर्यंत भरून, इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला पॅडल जोरात दाबून धरायला सांगतात. काही गळत्या दाबाखालीच दिसतात. ओल कशाची हे कळत नसेल, तर पाण्याने पाहावे : डॉट ३ किंवा ४ प्रतीचे ऑइल पाण्यात मिसळते, इंजिन ऑइल मिसळत नाही. टायरची आतली बाजू, ड्रमच्या मागच्या पत्र्याचा तळ, ब्लीडिंग निपल, होज पाइपची टोके आणि लोखंडी पाइपाच्या क्लिपा तपासाव्यात. क्लिपेखाली चिखल धरतो आणि पाइप तिथेच गंजतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरचे रबरी टोपण उचलून बघावे. आत ऑइल साचले असेल, तर सिलिंडर संपला. भिजलेले ब्रेक शू पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याची काटकसर धोक्याची. दोन्ही चाकांचे शू बदलावेत.

बाहेर सगळे कोरडे आणि टाकी मात्र रिकामी होते, तेव्हा संशय बूस्टरवर घ्यावा. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले की ऑइल बूस्टरमध्ये उतरते. नट सोडवून सिलिंडर किंचित पुढे ओढला, की सांध्यातली ओल दिसते. काही गाड्यांत हे ऑइल निर्वात-नळीतून इंजिनात खेचले जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.

अनेक गाड्यांत क्लचही याच टाकीतून ऑइल घेतो. त्याची नळी सहसा थोडी वर असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरते ऑइल उरते. पातळी ठरावीक उंचीवर येऊन थांबत असेल, तर क्लच पॅडलजवळचे कार्पेट आणि इंजिन-गिअरबॉक्सचा सांधा चाचपावा.

पाय स्थिर ठेवूनही पॅडल हळूहळू खाली बसते, पण पातळी तसूभरही हलत नाही, हा प्रकार वेगळा. मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवरून ऑइल मागे सरकत असते. ते कुठेच सांडत नाही, पण सिलिंडर बदलावाच लागतो.