शर्यत संपली, घड्याळ राहिलं

मोटार शर्यतींच्या इतिहासात एकच जगज्जेता असा आहे, की जो विजेता ठरला तेव्हा या जगात नव्हता. त्याचं नाव योखेन रिंट. जन्म १९४२ सालचा, जर्मनीतला. पुढच्याच वर्षी हॅम्बुर्गवरच्या बॉम्बहल्ल्यात आईवडील दोघंही गेले आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात आजीआजोबांनी त्याला वाढवलं. १९७० च्या मोसमात लोटस संघाकडून त्याने पाच शर्यती जिंकल्या. ५ सप्टेंबरला इटलीत मोंझा इथे सरावाच्या वेळी अपघात झाला आणि सगळं संपलं. चार शर्यती अजून बाकी होत्या. जॅकी इक्स हा बेल्जियमचा चालक त्याच्या ४५ गुणांच्या मागे धावत होता. पण ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनला रिंटच्याच संघातला नवखा एमर्सन फिटिपाल्डी जिंकला आणि इक्सचं गणित चुकलं. नोव्हेंबरमध्ये पॅरिसला जगज्जेतेपदाची ढाल स्वीकारायला रिंटची पत्नी नीना गेली होती. ती तिच्या हातात दिली जॅकी स्ट्यूअर्टने.

आता तुम्ही म्हणाल, आज विषय घड्याळांचा आणि हे काय सुरू केलंत? सांगतो. जुनी घड्याळं जमवणाऱ्या माझ्यासारख्या वेड्यांच्या जगात आज दोन घड्याळांना या नवराबायकोची नावं आहेत. एक हॉयर कंपनीचं 'ऑटाविया'. काळी डायल, तिच्यात तीन पांढऱ्या छोट्या तबकड्या, बाहेर काळं फिरतं कडं. ते रिंटच्या मनगटावर असायचं म्हणून ते 'रिंट'. दुसरं युनिव्हर्सल जिनिव्ह कंपनीचं 'कॉम्पॅक्स'. पांढरी डायल आणि काळ्या तबकड्या. ते 'नीना'. ही नावं कंपन्यांनी ठेवलेली नाहीत. जुने फोटो भिंगाखाली धरून बघणाऱ्या संग्राहकांनी ती ठेवली.

या दोन घड्याळांपैकी शर्यतीत खरं कामाला यायचं ते नीनाचं. गाडी हाकणाऱ्या माणसाला मनगटाकडे बघायला फुरसत कुठली? त्या काळी आजच्यासारखी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नव्हती. संघाच्या कठड्यावर चालकांच्या बायका, मैत्रिणी घड्याळं आणि कागद घेऊन बसत, प्रत्येक फेरीला बटण दाबत आणि आकडे मांडत. गाडी डोळ्यांसमोरून गेली की पुढचं दीड-दोन मिनिट ती पुन्हा दिसेपर्यंत काट्याकडे बघत बसायचं. एखाद्या फेरीला गाडी वेळेवर आली नाही, तर ते सगळ्यांत आधी कळायचं ते या बायकांना.

अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. वेळ दाखवायला एक यंत्रणा आणि वेळ मोजायला दुसरी, दोन्ही एकाच पेटीत. बटण दाबलं की मोठा काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो, दुसरं बटण त्याला शून्यावर आणतं. क्रोनोग्राफ या शब्दाचा अर्थ 'काळ लिहिणारा', आणि तो अक्षरशः खरा होता. १८२१ साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियूसेक या घड्याळजीने जे यंत्र वापरलं, ते फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकायचं. शाई गेली, नाव राहिलं. त्याच्याही पाच वर्षं आधी लुई मुआने याने खगोलनिरीक्षणासाठी असं यंत्र केलं होतं, हे २०१३ साली उजेडात आलं.

अनेक क्रोनोग्राफच्या कड्यावर एक आकड्यांची पट्टी असते. तिला टॅकीमीटर म्हणतात. हिशेब सोपा आहे. किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडापाशी थांबवायचं. छत्तीस सेकंद लागले तर काटा शंभरावर. तुमचा वेग ताशी शंभर किलोमीटर. छत्तीसशेला सेकंदांनी भागायचं, एवढंच त्याच्यामागचं गुपित.

शर्यत आणि घड्याळ यांची सोयरीक जुळवण्यात मोठा वाटा जॅक हॉयर या गृहस्थांचा. १८६० साली त्यांच्या पणजोबांनी काढलेली ही स्विस कंपनी. मोटारींच्या आणि विमानांच्या पुढच्या फळीवर बसवायच्या तिच्या घड्याळाचं नाव 'ऑटाविया'. ऑटो आणि एव्हिएशन या दोन शब्दांची जोडणी. १९६२ मध्ये तेच नाव मनगटी घड्याळाला दिलं. पुढच्या वर्षी 'कॅरेरा' आलं. मेक्सिकोतल्या ज्या जीवघेण्या शर्यतीवरून हे नाव घेतलं, ती बंद पडून तोवर नऊ वर्षं झाली होती.

१९६९ मध्ये जॅक हॉयरनी जो सिफर्ट या स्विस चालकाशी करार केला. अंगावर आणि गाडीवर हॉयरचं बोधचिन्ह लावायचं. शिवाय सिफर्टला घड्याळं घाऊक भावाने मिळायची आणि ती विकायची मुभा होती. सिफर्ट हा पक्का विक्रेता! दोनेक वर्षांत त्याने चालकांच्या गोटात बऱ्याच मनगटांवर हॉयर चढवलं. ज्याला आपण जाहिरात म्हणतो, ती इथे एक माणूस शेजाऱ्याला पटवून करत होता. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रँड्स हॅचला सिफर्टची गाडी पेटली, आणि तोही गेला. त्याचं पांढऱ्या डायलचं, निळ्या छटांचं ऑटाविया आज 'सिफर्ट' म्हणून विकलं जातं.

त्याच वर्षी फेरारीशी करार झाला. फेरारीच्या चालकांना जॅक हॉयर सोन्याचं कॅरेरा देत. त्याच्या पाठीवर चालकाचं नाव कोरलेलं असे, आणि रक्तगट. भेटवस्तूवर रक्तगट! त्या काळात चालक किती मरत, हे सांगायला मला याहून वेगळा पुरावा लागत नाही. निकी लाउडा त्याच संघातला. १ ऑगस्ट १९७६ ला नुरबुर्गरिंगवर तो जळत्या गाडीतून बाहेर काढला गेला आणि सहा आठवड्यांनी मोंझाला पुन्हा गाडीत बसून चौथा आला.

मर्यादित आवृत्ती हा शब्द तोवर या घड्याळांच्या आसपासही नव्हता. ती कमी आहेत, कारण लोकांनी ती घेतली नाहीत. हॉयरचं चौकोनी 'मोनॅको' घ्या. १९७० साली 'ले मान्स' चित्रपटाच्या चित्रीकरणात स्टीव्ह मॅक्क्वीनला जो सिफर्टसारखं दिसायचं होतं. अंगावर हॉयरचं चिन्ह आलं, मग मनगटावरही हॉयर हवं. मोनॅकोच का? तर सामान सांभाळणाऱ्याला एकाच प्रकारची अनेक घड्याळं लागतात, आणि मोनॅको खपत नसल्यामुळे कंपनीकडे ती पडून होती! काही वर्षांतच कंपनीने ते बनवणं थांबवलं. मॅक्क्वीनने आपल्या मेकॅनिकला दिलेलं मोनॅको २०२० साली न्यूयॉर्कच्या लिलावात बावीस लाख डॉलरला गेलं. रोलेक्सच्या 'डेटोना'तल्या ज्या चित्रविचित्र डायलला आज पॉल न्यूमनचं नाव आहे, तिचीही हीच कथा. दुकानांत धूळ खात होती. खुद्द न्यूमनचं घड्याळ २०१७ मध्ये पावणेदोन कोटी डॉलरच्या पुढे गेलं. त्याच्या पाठीवर बायकोने कोरून घेतलं होतं, गाडी जपून चालव.

पुढे क्वार्ट्झची लाट आली आणि स्विस कारखाने कोसळले. १९८२ मध्ये जॅक हॉयरच्या हातून घरची कंपनी गेली. १९८५ साली ती टॅग समूहाकडे आली. यांत्रिक घड्याळाची गरज संपल्यावर त्याची हौस सुरू झाली. १९९८ साली मोनॅको परत आलं ते पाच हजार नगांचं, क्रमांक कोरून. मग चालकांची नावं आली. १९९४ मध्ये इमोलाला मरण पावलेल्या आयर्टन सेनाच्या नावाने एकाहून अधिक कंपन्यांनी घड्याळं काढली. मायकेल शूमाकरचं ऑडेमार पिगे २०१२ सालचं. टायटॅनियमची हजार, सोन्याची पाचशे, प्लॅटिनमची शंभर. त्याच्या सात जगज्जेतेपदांसाठी सात तारे. २०१३ च्या डिसेंबरात शूमाकर बर्फावर पडला आणि लोकांच्या नजरेआड गेला. २०२४ मध्ये जिनिव्हाला त्याच्या स्वतःच्या संग्रहातली आठ घड्याळं कुटुंबाने लिलावात ठेवली. आकड्यांची तर गंमतच. जॅक हॉयर यांच्या पंच्याऐंशीव्या वर्षानिमित्त ऑटावियाची १,९३२ घड्याळं निघाली, कारण त्यांचा जन्म १९३२ चा!

मी या नव्या आवृत्त्यांना नावं ठेवणार नाही. चांगली असतात. पण घेणारा ती पेटीतून काढत नाही. वापरलं की किंमत उतरते. वेळ मोजायचं यंत्र, आणि त्याला चावीसुद्धा द्यायची नाही!

माझ्याकडे एक 'रिंट' आहे. म्हणजे, आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. नव्वदच्या दशकात, वेतनाच्या थकबाकीचे पैसे हातात आले होते तेव्हा, मुंबईत जुन्या वस्तूंच्या बाजारात एका विक्रेत्याने ते अस्सल म्हणून मला दिलं. घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. पुढे तेल घालायला एका वयस्क घड्याळजींकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पाठ उघडली, बराच वेळ काही बोलले नाहीत.

"काका, काय झालं?"

"साहेब, मशीन खरं आहे. पेटी खरी आहे. चेहरा रंगवलाय."

मग त्यांनी मला दाखवलं. पांढऱ्या तबकडीतल्या रेघा एकसारख्या जाडीच्या नव्हत्या. कंपनीच्या नावातलं एक अक्षर किंचित कललं होतं. एक काटा दुसऱ्याच घड्याळाचा. परदेशातल्या संग्राहकांनी अशा मालाला नावच ठेवलंय, 'मुंबई स्पेशल'. ते ऐकून मी रागावलो होतो, लाजलोही होतो.

काका मात्र शांत होते. म्हणाले, "त्या वेळी परदेशी पार्ट कुठून आणायचा? आयात बंद. गिऱ्हाईक म्हणायचं, आकडे दिसत नाहीत. मग रंगवायचंच." हे मला तोवर सुचलंच नव्हतं. ज्याने एक केसाचा ब्रश घेऊन ती डायल रंगवली, त्याने कुणाला फसवलं नव्हतं. त्याने बंद पडायला आलेलं घड्याळ वापरात ठेवलं. खोटं बोलला तो विकणारा. हा फरक लिलावाच्या कॅटलॉगमध्ये कधी नोंदवत नाहीत, दोन्हीचा शेरा एकच असतो.

माझा मुलगा म्हणतो, बाबा, अस्सल डायल मिळवून बसवा, मग याला किंमत येईल. ती डायल मिळते, नाही असं नाही. तिची किंमत मी उच्चारत नाही. दोनदा पैसे पाठवायच्या बेतात आलो होतो. दोन्ही वेळा थांबलो. त्या कललेल्या अक्षराची आता सवय झाली आहे.

परवा पुण्याहून मुंबईला निघालो होतो. नात शेजारी बसली होती. रुळांच्या कडेचे किलोमीटरचे खांब तिला दाखवले आणि बटण कसं दाबायचं ते शिकवलं. माझ्या घड्याळाच्या कड्यावर वेगाची पट्टी नाही, भागाकार तोंडी करावा लागतो. पहिल्या खेपेला तिचा खांब चुकला. दुसऱ्या खेपेला त्रेचाळीस सेकंद आले.

"आजोबा, म्हणजे किती?"

"चौऱ्याऐंशीच्या जवळपास."

तिने काटा शून्यावर आणला आणि पुढच्या खांबाची वाट बघत बसली.